चुलीवरचे तेल, दिव्यातले तेल

ज्यू घर कुठले हे ओळखायचे असेल, तर तिथे कांदा कशात परततात ते पाहावे. रोमच्या जुन्या वस्तीत तो ऑलिव्ह तेलात परततात. शंभर वर्षांपूर्वी वॉर्साच्या गल्ल्यांत तो हंसाच्या नाही तर कोंबडीच्या चरबीत पडत असे. बगदादमध्ये तिळाच्या तेलात, कोचीत खोबरेलात आणि अलिबाग-पेणच्या पट्ट्यात घाण्यावरच्या गोड्या तेलात. प्रार्थनेची भाषा एक, सुट्टीचा वार एक, खाण्यापिण्याचे निषेधही बहुतेक तेच. कढईत आधी काय तापते एवढेच मुलखागणिक बदलत गेले. हे पुस्तक त्यांतल्या एका तेलाविषयी आहे. पण वाचताना बाकीची तेलेही हाताशी असू द्यावीत, कारण त्यांना बाजूला सारून सांगितलेली ऑलिव्हची ज्यू कथा फार सरळ होते, आणि म्हणून खोटी.

ती सरळ कथा बहुतेकांनी कुठे ना कुठे ऐकलेली असते. पवित्र भूमीतले झाड, मंदिरातला दिवा, आणि तीन हजार वर्षे न तुटता चालत आलेली तेलाची धार. वस्तुस्थिती अशी की एकोणिसाव्या शतकात जगातले बहुसंख्य ज्यू पूर्व युरोपात राहत होते आणि त्यांच्या रोजच्या स्वयंपाकात ऑलिव्ह तेलाला जवळपास जागाच नव्हती.

हा पेच नवा नाही. शब्बाथचा, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाचा, दिवा कोणत्या तेलाने लावावा याची चर्चा मिश्नात, म्हणजे इसवी सन २००च्या सुमारास संकलित झालेल्या ज्यू विधिग्रंथात आहे. रब्बी टारफोन यांचे मत कडक होते: ऑलिव्ह तेल आणि फक्त ऑलिव्ह तेल. तेव्हा रब्बी योहानान बेन नुरी उठून उभे राहिल्याचे मिश्नावरच्या चर्चेचा ग्रंथ तल्मूद सांगतो. त्यांचा प्रश्न व्यवहारी होता. बाबिलच्या माणसाकडे तिळाचेच तेल आहे, मेडियातल्या माणसाकडे अक्रोडाचे, अलेक्झांड्रियातल्या माणसाकडे मुळ्याच्या बियांचे. त्यांनी करायचे काय? निकाल असा लागला की ज्योत नीट धरणारी बहुतेक तेले चालतील, मात्र ऑलिव्ह मिळाले तर उत्तम. या विषयाचा सगळा इतिहास मला या दोघांच्या वादातच दिसतो. टारफोन झाडाकडे पाहून बोलतात, बेन नुरी घरातल्या माणसाकडे पाहून. या पुस्तकाने तेल टारफोनचे निवडले असले, तरी बाजू बेन नुरींची घेतली आहे.

ज्यू स्वयंपाकात तेलाला इतके महत्त्व का, हे आधी समजून घ्यायला हवे. ते कळले की पुढचे बरेच आपोआप उलगडते. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, ही आज्ञा तोरामध्ये, म्हणजे ज्यू धर्मग्रंथाच्या पहिल्या पाच पुस्तकांत, तीनदा येते. रब्बींनी तिचा विस्तार करत मांस आणि दूध पूर्णपणे वेगळे केले: एका ताटात नाही, एका जेवणात नाही, एका भांड्यातही नाही. डुक्कर निषिद्ध, म्हणून त्याची चरबीही गेली. गाय, मेंढी, बकरी यांच्या पोटातली ठरावीक चरबी लेवीयच्या ग्रंथाने वर्ज्य केलेली. आता मांसाहारी जेवण रांधणाऱ्या बाईच्या हातात काय उरले? लोणी नाही, तूप नाही, डुकराची चरबी नाही. उरले वनस्पतीचे तेल, आणि ते न मिळणाऱ्या प्रदेशात पक्ष्याची चरबी. तेल मांसाच्या बाजूचे नाही आणि दुधाच्याही नाही, दोन्हींकडे चालते. अशा पदार्थाला ‘पारवे’ म्हणतात. शुक्रवारच्या खल्ला पावाच्या कणकेत लोणी न घालता तेल का घालतात, याचे कारण एवढेच की तो पाव मांसाच्या जेवणाबरोबरही खाता यावा. आपल्याकडच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, घरांत मटणाच्या रश्शाला दही न लावता नारळाचे दूध घालतात, त्यामागेही हाच नियम आहे. कोकणी शेजाऱ्याला त्यात वेगळे काही जाणवत नाही आणि रब्बीलाही हरकत घ्यायला जागा उरत नाही.

आता झाडाकडे वळू. पूर्व भूमध्य किनाऱ्यावर ऑलिव्हचे तेल काढण्याची कला फार प्राचीन आहे. हैफाजवळ समुद्राखाली गेलेल्या कफर समीर या वस्तीत ठेचलेल्या ऑलिव्हचा सुमारे सात हजार वर्षांपूर्वीचा चोथा सापडला आहे. इसवी सनापूर्वी सातव्या शतकात एक्रोनमध्ये शंभराहून अधिक घाणे होते. एक्रोन हे पलिष्टी लोकांचे शहर, आणि तेव्हा ते असिरियाच्या सत्तेखाली होते. म्हणजे तेल कुणा एका जमातीचे कधीच नव्हते. अनुवाद ग्रंथाच्या आठव्या अध्यायात त्या भूमीची सात पिके मोजली आहेत, त्यांत गहू, जव, द्राक्ष, अंजीर, डाळिंब आणि मध यांच्यासोबत तेलाचे ऑलिव्ह येते.

मंदिरातल्या तेलाचे नियम मराठी वाचकाला गमतीचे वाटतील. मिश्नात तेलाच्या प्रती लावल्या आहेत. फळे कुटून टोपलीत ठेवायची आणि आपोआप झिरपेल ते पहिले तेल. मग तुळईचा दाब देऊन निघेल ते दुसरे. उरलेला चोथा दळून पुन्हा दाबायचा, ते तिसरे. पहिले तेल दिव्यासाठी; अन्नार्पणाच्या पिठात मळायला नंतरचेही चालत असे. दिवाणखान्यातल्या समईला आणि भज्यांच्या कढईला वेगवेगळे तेल वापरणाऱ्या घरांना यात नवल वाटू नये.

हनुक्काची गोष्ट यापेक्षा प्रसिद्ध आहे. इसवी सनापूर्वी १६४मध्ये मक्कबी बंधूंनी जेरुसलेमचे मंदिर परत मिळवून शुद्ध केले आणि कुपीतले एका दिवसाचे तेल आठ दिवस जळले. मात्र मक्कबींच्या पहिल्या दोन ग्रंथांत या कुपीचा पत्ताच नाही. ती हकिकत कित्येक शतकांनी तल्मूदात येते. म्हणून हनुक्काच्या तळणाला कमी लेखायचे कारण नाही. मोरोक्कोचे स्फेंज, पोलंडचे बटाट्याचे लाटके, जॅम भरलेल्या सुफगानियोत ही सगळी त्या कुपीची आठवण आहे. फक्त एवढे लक्षात असू द्यावे की आजच्या बहुतेक सुफगानियोत सोयाबीन किंवा कॅनोलाच्या तेलात तळल्या जातात. सणाचे कारण एक तेल, सणाच्या कढईत दुसरेच. बेन नुरी हसले असते.

तेल म्हटले की व्यापार आलाच. पहिल्या शतकात परक्यांच्या हातचे तेल ज्यूंनी वापरू नये असा दंडक होता. गिस्कालाच्या योहानाने त्याचा फायदा घेऊन गालीलातले स्वस्त तेल सिरियाकडच्या ज्यूंना आठपट दराने विकले, असे इतिहासकार जोसेफस लिहितो. जोसेफस त्याचा हाडवैरी, तेव्हा आकड्यात थोडे तिखटमीठ असू शकेल. पण धर्माच्या शिक्क्यामुळे डब्याची किंमत वाढते, हा अनुभव दोन हजार वर्षांचा आहे यात शंका नको. पुढे तिसऱ्या शतकात यहुदा नेसिया यांच्या न्यायमंडळाने परक्यांचे तेल मोकळे केले. बहुसंख्य लोकांना पाळता येत नाही असा नियम लादू नये, हे त्यामागचे तत्त्व. माझ्या मते ज्यू गृहजीवनाच्या इतिहासात या निर्णयाचे मोल हनुक्काच्या चमत्काराहून कमी नाही, कारण शेजाऱ्याच्या घाण्यावर तेल घेता आले तरच परमुलखात संसार उभा राहतो.

तो संसार सर्वांत भरभरून उभा राहिला स्पेनमध्ये, आणि तिथेच तेल अंगाशी आले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस सक्तीने किंवा भीतीने ख्रिस्ती झालेली हजारो ज्यू कुटुंबे तिथे होती. ती मनातून जुनाच धर्म पाळतात काय, हे शोधायला इन्क्विझिशन हे धर्मन्यायालय बसले. पुरावा बराचसा स्वयंपाकघरातून आला. मोलकरणींनी साक्षी दिल्या: मालकीण मांसातली चरबी काढून टाकते, शुक्रवारी शनिवारचे जेवण करून ठेवते, डुकराच्या चरबीऐवजी तेल वापरते. अँड्रेस बेर्नाल्डेझ या धर्मगुरू-बखरकाराने तर तेलात परतलेल्या कांदा-लसणाच्या वासावरूनच या लोकांची नालस्ती केली आहे. १४९२मध्ये ज्यूंची स्पेनमधून हकालपट्टी झाली. आज जगात सर्वाधिक ऑलिव्ह तेल स्पेन काढतो आणि तोच वास स्पॅनिश पाककलेची ओळख म्हणून मिरवला जातो. बेर्नाल्डेझ हयात असता तर त्याने नाक कुठे धरले असते कोण जाणे.

हाकललेले लोक सालोनिका, इझमीर, इस्तंबूल, फेझ, ट्युनिस इथे पांगले, आणि ऑलिव्ह तेलाची सर्वांत संपन्न ज्यू परंपरा म्हणजे ही सेफार्दी परंपरा. वांगी, लीक, पालक, आर्टिचोक, बाकला, मासे. मसाला कमी, लिंबू भरपूर, तेल हात न आखडता. एकट्या वांग्याच्या पाककृतींवर लादिनो भाषेत आख्खे लोकगीत आहे, यावरून या भाजीचा तिथला मान कळावा. सालोनिका शतकानुशतके ज्यूबहुल शहर होते. १९४३मध्ये नाझींनी तिथल्या चाळीस हजारांहून अधिक ज्यूंना आउश्वित्झला नेले. त्या शहराची चव आता वाचलेल्यांच्या नातवंडांकडे आणि निकोलस स्टाव्रुलाकिस यांच्या १९८६च्या पाकपुस्तकासारख्या मोजक्या पानांत उरली आहे.

या परंपरेचा सर्वांत हुशार भाग थंड जेवणात आहे. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत, विस्तव पेटवायचा नाही, काही शिजवायचे नाही. त्यातून दोन वाटा निघाल्या. एक, मंद आचेवर रात्रभर ठेवलेले हंडीतले जेवण: स्पेनमध्ये आदाफिना, पूर्व युरोपात चोलेंट, इराकमध्ये भात भरलेल्या कोंबडीचे तबीत. दुसरी वाट, आदल्या दिवशी करून थंडच खायचे पदार्थ. इथे तेलाचा गुण कामाला येतो. प्राण्याची चरबी थंड झाली की थिजते आणि टाळूला चिकटते. ऑलिव्ह तेल घरातल्या हवेला पातळ राहते आणि मुरलेल्या भाजीची चव रात्रीतून वाढते. म्हणून तेलात तळलेला मासा शुक्रवारी रात्री गरम आणि शनिवारी दुपारी गार, दोन्ही वेळा रुचतो. पोर्तुगालकडून आलेल्या ज्यूंनी हा मासा लंडनला नेला. १८६०च्या सुमारास जोसेफ मालिन या ज्यू दुकानदाराने त्याला बटाट्याच्या कापांची जोड दिली, असे इंग्रजांच्या त्या राष्ट्रीय खाण्याविषयी सांगितले जाते. रोमची गोष्ट वेगळी आणि थोडक्यात सांगण्यासारखी. पोपने १५५५मध्ये ज्यूंना नदीकाठच्या घेट्टोत कोंडले; तिथल्या गरिबीत तळण फुलले, आणि तेलात दोनदा तळून फुलासारखे उमलवलेले आख्खे आर्टिचोक आज रोमच्या उपाहारगृहांत ‘ज्यू पद्धतीचे’ म्हणूनच वाढतात.

आल्प्सच्या उत्तरेला ऑलिव्ह पिकत नाही. तिथल्या अश्केनाझी ज्यूंनी हंस पोसले, कोंबडीची चरबी कांद्याबरोबर कढवून श्माल्ट्झ केले. ती कमतरता त्यांच्या धर्मशास्त्रातही उतरली. ज्यू विधीत खाण्याचे किमान माप ‘कझाइत’, म्हणजे एका ऑलिव्हएवढे. पेसाहच्या सणाच्या रात्री एवढा मात्सा, म्हणजे बिनखमिराची भाकरी, खायचीच असते. ज्यांच्या मुलखात ऑलिव्हच नाही त्यांना ते केवढे हे तर्काने ठरवावे लागले, आणि काही युरोपीय पंडितांच्या हिशेबात ते अर्ध्या अंड्याएवढे झाले. आजही अनेक घरांत लोक त्या रात्री कोरडा मात्सा घशाखाली ढकलत असतात, ते पूर्वजांनी न पाहिलेल्या फळापायी. पुढे १९११मध्ये अमेरिकेत क्रिस्को हे वनस्पतीजन्य घट्ट तेल बाजारात आले, तेव्हा कंपनीने ज्यू गृहिणींना खास लक्ष्य केले. १९३३मध्ये तिने यिद्दिश-इंग्रजी पाकपुस्तिकाही काढली. पारवे, स्वस्त, पांढरेशुभ्र. श्माल्ट्झची सद्दी संपायला सुरुवात झाली ती अशी. ऑलिव्ह तेल तेव्हाही रांगेत मागेच होते.

पूर्वेकडची तेले या पुस्तकाच्या कक्षेत थोडीच येतात, पण एक शाखा मराठी वाचकाला टाळताच येणार नाही. नवगावजवळ गलबत फुटून सात जोडपी किनाऱ्याला लागली, अशी बेने इस्राएलांची परंपरा सांगते. कोकणात त्यांनी गावांवरून नवगावकर, पेणकर, पेझारकर अशी आडनावे घेतली आणि तेल गाळण्याचा धंदा धरला. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. विश्रांतीच्या आज्ञेत माणसाबरोबर बैलही येतो, हे सुताराच्या किंवा शिंप्याच्या घरात वाचण्यापेक्षा घाण्याच्या घरात वाचणे वेगळे. शब्बाथ, सुंता, शमा ही प्रार्थना आणि खवले-पर असलेलेच मासे खाण्याचा नियम त्यांनी जपला होता. हनुक्का मात्र त्यांना ठाऊक नव्हता. तो कोची आणि बगदादकडच्या धर्मबांधवांशी संबंध आल्यावर त्यांच्या पंचांगात आला. पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळणाऱ्या ज्यूंना तेलाचाच सण माहीत नसावा, याहून बोलका तपशील या विषयात मला तरी सापडलेला नाही. त्यांचा मलिदा, म्हणजे गोड पोहे, ओले खोबरे आणि फळे असा एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मांडलेला प्रसाद. त्यात ऑलिव्हचा थेंब नाही आणि ज्यूपणात काही उणे नाही.

या समाजातले बहुतेक लोक १९४८नंतर इस्रायलला गेले. दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद इथे मराठी घरे उभी राहिली. लग्नाच्या बाबतीत रब्बी मंडळाने त्यांच्या ज्यूपणावर शंका घेतली, तेव्हा १९६४मध्ये त्यांनी जेरुसलेमला धरणे धरून ती मागे घ्यायला लावली. त्यांना मिळालेला देश ऑलिव्हचा होता, पण त्या देशाच्या स्वयंपाकघरात ऑलिव्ह तेलाला तेव्हा मान नव्हता. १९४९पासूनच्या टंचाईच्या वर्षांत शिधापत्रिकेवर मार्गारीन मिळे. युरोपातून आलेल्या वरच्या वर्गाला ऑलिव्ह तेलाचा वास अरबांचा आणि गरीब पौर्वात्यांचा वाटे.

अरबांचा, हे खरेच होते. डोंगरउतारावरची बरीचशी जुनी झाडे पॅलेस्टिनी शेतकऱ्यांनी लावली आणि राखली आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरची तोडणी हा तिथे सगळ्या कुटुंबाचा हंगाम असतो. नाब्लुसचा साबण त्याच तेलाचा, आणि कांदा-सुमाक घातलेले मुसाखान नव्या तेलाच्या दिवसांतच खरे लागते. १९४८मध्ये गावे रिकामी झाली आणि त्यांच्या बागा दुसऱ्यांच्या ताब्यात गेल्या. वेस्ट बँकमध्ये आजही झाडे तोडली आणि जाळली जातात. ऑलिव्ह तेल आणि ज्यू परंपरा यांवरचे पुस्तक हे न सांगता पुढे गेले, तर त्यातल्या कुठल्याच आठवणीवर विश्वास बसू नये. या पुस्तकाच्या लेखिकेने ते सांगितले आहे, आणि पाककृतीचे श्रेय जिथे पॅलेस्टिनी शेजाऱ्याचे आहे तिथे त्याचे नाव लावले आहे. योताम ओत्तोलेंघी आणि सामी तमिमी या जेरुसलेमच्या दोन मुलांनी, एका ज्यूने आणि एका पॅलेस्टिनीने, २०१२मध्ये मिळून लिहिलेल्या ‘जेरुसलेम’ने हा शिष्टाचार जगभर रुळवला. त्याआधी क्लॉडिया रोडेन यांच्या १९९६च्या ग्रंथाने ज्यू स्वयंपाकाचा नकाशा आखला होता. ज्यांना या पुस्तकानंतर पुढे जायचे आहे त्यांनी तिथून सुरुवात करावी.

मराठीत हे पुस्तक आत्ता का? एक कारण बाजारातले. ऑलिव्ह तेल आपल्याकडे आधी औषधाच्या दुकानात, बाळाच्या मालिशीच्या बाटलीतून आले. आता ते हृदयाच्या काळजीपोटी किराणा यादीत आले आहे. राजस्थानात इस्रायली मदतीने ऑलिव्हची लागवड झाली आणि २०१४मध्ये बिकानेर जिल्ह्यातल्या लूणकरणसरला तेल गाळायला सुरुवातही झाली. महाग तेल घरात आले, पण त्याचा स्वयंपाक आला नाही. लोक एक्स्ट्रा व्हर्जिन तेलात मोहरी तडतडवतात आणि चव लागत नाही म्हणून कुरकुरतात. ते तेल कच्चे वरून घालायचे, मंद आचेवर भाजी मुरवायचे आहे. फोडणीला आपले शेंगदाण्याचे किंवा करडईचेच बरे, आणि हे मत मी कुणाही आहारतज्ज्ञासमोर पुन्हा मांडेन. दुसरे कारण अधिक जवळचे. महाराष्ट्र सरकारने २०१६मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तोवर इथे उरलेली संख्या काही हजारांवर आली होती. शनिवार तेल्यांच्या चुलीविषयी शेजाऱ्यांनी विचारून घ्यायचे बरेच राहून गेले आहे.

पुस्तकाची रचना सणांवर बेतलेली नाही, ही निवड मला महत्त्वाची वाटते. ज्यू खाण्यावरची पुस्तके बहुधा रोश हशानापासून पेसाहपर्यंत चालतात आणि मधले मंगळवार गाळतात. लेखिकेने आठवडा घेतला आहे: रविवारची शिळवण, गुरुवारचा बाजार, शुक्रवारची धांदल, शनिवारचे गार जेवण. पाककृतींत तेलाचे माप चमच्यात दिले आहे, ‘अंदाजे’वर सोडलेले नाही. कोणती कृती मांसाबरोबर, कोणती दुधाबरोबर, कोणती पेसाहला चालेल, याच्या खुणा प्रत्येकीवर आहेत. पेसाहच्या खुणांकडे नीट पाहावे. अश्केनाझी घरांत त्या आठवड्यात डाळी-तांदळांसोबत तीळ आणि मोहरीही वर्ज्य असतात, म्हणून ऑलिव्ह तेल सोयीचे. भारतीय ज्यूंच्या ताटात मात्र तेव्हाही भात असतो. शिक्क्याची काळजी असणाऱ्यांसाठी एक टीप: साध्या एक्स्ट्रा व्हर्जिन तेलाला कोशर, म्हणजे धर्ममान्य अन्नाचा, शिक्का लागत नाही असे काही प्रमाणन संस्था मानतात. रिफाइंडला मात्र लागतो, कारण तिथली यंत्रे इतर मालासाठीही वापरली जातात.

पहिल्यांदाच करून पाहणाऱ्यांनी लीकची थंड भाजी निवडावी. लीक मिळाले नाही तर जाड पातीचा कांदा घ्यावा, तेल मापापेक्षा कमी करू नये, लिंबू आच बंद केल्यावरच पिळावे आणि शुक्रवारी केलेली भाजी शनिवारपर्यंत चाखू नये. दुसऱ्या दिवशी ती घरातल्या हवेला येऊ द्यावी. फ्रीजमधून काढल्या काढल्या वाढली तर तेल गढूळ दिसते आणि चव बंद राहते.